स्थिर छायाचित्राला खोली देताना

आज जवळजवळ सहा तास एकाच जुन्या छायाचित्रावर गेले: सायकलला टेकून उभा असलेला तरुण, त्याच्यामागे झाड आणि त्याहीमागे डोंगराची रेघ. कॅमेरा सरकताना या स्थिर चित्रात खोली दिसावी, म्हणून फोटोशॉपमध्ये हे तिन्ही घटक वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, कापून घेणे वरकरणी सोपे वाटते. पण सायकलच्या प्रत्येक स्पोकमधून मागचे गवत डोकावत होते आणि नुसत्या चाकांनीच दीड तास खाल्ला. तरुणाला उचलल्यावर मागे उरलेले भोक सॉफ्टवेअरने आपणहून बुजवले खरे, मात्र झाडाच्या खोडातून एक जादा कोपर बाहेर आले! ते शेवटी क्लोन स्टॅम्पनेच, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे छापणाऱ्या साधनानेच, पुसावे लागले.

पुढचे काम आफ्टर इफेक्ट्स या चित्रांना हालचाल देणाऱ्या सॉफ्टवेअरमधले. त्यातल्या आभासी कॅमेऱ्यापासून २००० पिक्सेलवर असलेला डोंगर आणखी १००० पिक्सेल मागे ढकलला, की तो लहान दिसू लागतो; म्हणून त्याचा आकार १५० टक्के करावा लागतो. मग कॅमेरा बाजूला सरकवला, की जवळचा लेयर जास्त आणि दूरचा कमी सरकतो, आणि डोळा त्यालाच खोली समजतो. डिस्नेच्या स्टुडिओने १९३० च्या दशकात काचेवरची चित्रे एकामागे एक ठेवून हेच साधले होते.

पहिल्या प्रयत्नात हावरटपणाने कॅमेरा इतका फिरवला, की तरुण पुठ्ठ्याचा वाटू लागला. हालचाल निम्म्याहून कमी केल्यावर कुठे त्याची सावली जमिनीला चिकटली.