'पेशंट शांत, अत्यंत सभ्य. स्टाफला मॅम म्हणतात.'

नाइट ड्यूटीच्या नोंदीत रात्री साडेअकराला मी हे वाक्य लिहिलं. ते अजूनही त्या रेकॉर्डमध्ये असेल, कारण एकदा केलेली नोंद पुसायची नसते, खाली वेळ घालून दुरुस्ती लिहायची असते. ती दुरुस्ती मी पहाटे तीनला लिहिली.

२०२३ चा मार्च. मिरजेहून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या एका हॉस्पिटलात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास, ऑस्की ही नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा पास, रजिस्ट्रेशन हातात. पण ओईटीच्या रेकॉर्डिंगमधली माणसं फार नीट बोलतात. इथल्या वॉर्डात पहिल्याच दिवशी एका आजींनी मला 'हिनी' म्हटलं. मला वाटलं त्या हनी म्हणतायत, पण नाही, तो इथलाच लाडाचा शब्द. कोणी 'पेट' म्हणतं, कोणी 'फ्लॉवर'. घराला जुनी माणसं 'हायेम' म्हणतात आणि लेकराला 'बेर्न'. मी छोट्या डायरीत शब्द लिहून ठेवायचे. 'मॅम' मात्र लिहिला नव्हता. तो मला येतो, असंच मी धरून चालले होते. मेट्रनसमोर उभ्या राहून आमची तीन वर्षं 'येस मॅम, सॉरी मॅम' करण्यातच गेली.

सहा खाटांच्या त्या बेमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या एका कप्प्यात, खिडकीजवळ एक आजोबा होते. वय ८४, तरुणपणी कोळशाच्या खाणीत. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. लघवीची नळी त्याच दिवशी सकाळी काढलेली. मी बीपीचा पट्टा बांधायला गेले तर डोळे उघडून म्हणाले, "मॅम?" मी म्हटलं, "येस, आय ॲम हिअर." त्यांनी माझा हात धरला, हसले, पुन्हा "मॅम" म्हणाले आणि डोळे मिटले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. सगळे पेट आणि फ्लॉवर म्हणत असताना एवढा म्हातारा माणूस आपल्याला मान देऊन हाक मारतो! निरीक्षणाच्या तक्त्यात 'जागरूकता' या रकान्यात मी 'अलर्ट' भरलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

अडीचच्या सुमाराला त्यांचा आवाज वाढला. मॅम, मॅम, मॅम. चादर चिमटीत धरून ओढत होते, जणू कापडावरचे धागे वेचतायत. "मॅम, आय वॉन्ट टु गॅन हायेम." घरी जायचंय, एवढं डायरीच्या कृपेने कळलं. मी समजूत घालत होते, "सर, सकाळी डॉक्टर येतील." ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जशी मी त्यांना ओळखच देत नाहीये.

आमच्या वॉर्डातले हेल्थकेअर असिस्टंट पलीकडच्या बेमधून आले. साठीला टेकलेले, सहा फुटी, मूळचे उत्तर आयर्लंडमधल्या टिरोनचे. दोन मिनिटं उभे राहून ऐकत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "अगं, तो तुला मान देत नाहीये. आईला हाक मारतोय."

मला काही सुचेचना. "आई म्हणजे मम ना?"

"मम दक्षिणेकडे. इकडे मॅमच."

अंगावर काटा आला, पण आधी काम. फोर-ए-टी काढली, म्हणजे अचानक आलेला गोंधळ ओळखायची छोटी चाचणी. चार प्रश्न: वय, जन्मतारीख, जागा, साल. वय विचारलं तर म्हणाले, "नऊ." जागा? "आवर हूस," म्हणजे आमचं घर. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले तर डिसेंबर म्हणून थांबले आणि दाराकडे बघत बसले. दिवसा हे गृहस्थ फुटबॉलवर वाद घालत होते, असं ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये स्वतः ऐकलं होतं मी. म्हणजे हा गोंधळ नवीन होता. न्यूज-२ च्या, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का ते गुणांनी सांगणाऱ्या त्या निरीक्षणाच्या तक्त्यात, 'नवीन गोंधळ' एकट्याला तीन गुण आहेत आणि एकाच रकान्यात तीन गुण आले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. साडेअकराला मी तिथे शून्य दिला होता. एका शब्दापायी तीन तास.

लघवी तुंबली तरी असा गोंधळ होऊ शकतो, म्हणून डॉक्टर येईपर्यंत ब्लॅडर स्कॅनर आणला. पोटावर जेल लावून प्रोब टेकवला, स्क्रीनवर आकडा आला: ७८० मिलि. याच्या निम्म्याला आपण बाथरूम शोधत धावतो. दिवसभर थोडी थोडी लघवी होत होती, चार्टवर तशी नोंद होती, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. भरलेल्या भांड्यातून वरचं पाणी सांडावं तसं चाललं होतं ते. पुन्हा नळी घातली. पिशवी भरत गेली तशी त्यांची चादरीवरची बोटं संथ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, मॉर्फिनचा डोस कमी केला, बद्धकोष्ठाचंही विचारलं. ते विचारतातच, आणि बहुधा तेही असतंच.

डॉक्टर बर्मिंगहॅमचे. त्यांनी टाइप केलं ते मी मागून वाचलं: 'कॉलिंग फॉर हिज मॉम'. मला राहवलं नाही, मी विचारलं की तुम्ही अमेरिकेत शिकलात का. हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला असावा. "आमच्याकडे मॉमच म्हणतात," ते तडकून म्हणाले. "माझी आजी कधी इंग्लंडबाहेर गेली नाही आणि तिने जन्मभर मॉम म्हटलं. शाळेत बाई लाल पेनाने ओ खोडून यू करायच्या." बर्मिंगहॅमच्या दुकानांत मदर्स डेची कार्डंही मॉम लिहिलेली मिळतात म्हणे.

मग चहा घेताना टिरोनकरांचा वर्गच सुरू झाला. वेल्समध्ये मॅम, वेल्श भाषेतला शब्दच तो. बायको ग्लासगोची, ती आईला 'मॉ' म्हणते. डब्लिनकडे मा किंवा मॅम, आयर्लंडच्या खेड्यांत मॅमी. आणि ते स्वतः? "मम्मी." साठीचा सहा फुटी माणूस. इंग्लंडमध्ये कोणी मम्मी म्हटलं तर तो लहान मूल तरी किंवा फार वरच्या घरातला तरी, असं लोक धरतात. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र आजोबा झालेले पुरुषही बिनदिक्कत म्हणतात. राणी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ सप्टेंबर २०२२ ला, राजा चार्ल्सने टीव्हीवर आईला उद्देशून 'डार्लिंग ममा' म्हटलं होतं, दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन. ते मी मिरजेत घरच्यांबरोबर बघितलं होतं. टिरोनकर म्हणाले, "चार्ल्सला आणि आम्हालाच ते शोभतं." गंमत म्हणजे त्याच राणीला बाकीच्यांनी 'मॅम' म्हणायचं, जॅमशी जुळणारं, असा रिवाज होता. म्हणजे राणीला मारायची हाक आणि खाणकामगाराच्या पोराने आईला मारलेली हाक, माझ्या कानाला तरी, एकच.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आमचे बाबा स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणायचे, कारण घरातले धाकटे काका तसं म्हणायचे. माझी नागपूरची रूममेट फोनवर 'माय' म्हणते आणि मालवणकडची मैत्रीण आईचा विषय निघाला की 'आवस'. सुपरमार्केटात आठवडाभर मी 'टु अ स्पेशल मॅम' लिहिलेली गुलाबी कार्डं बघत होते. त्या वर्षी इथला मदर्स डे १९ मार्चला होता. ती कार्डं शिक्षिकांसाठी असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. इथे शिक्षिकांचा केवढा मान, असं आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

सकाळी इन्चार्ज सिस्टरला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, दुरुस्तीची नोंद वाचली आणि आजोबांच्या खाटेजवळचं 'धिस इज मी' पत्रक दाखवलं. पेशंटला काय आवडतं, कशाची भीती वाटते, काय म्हणून हाक मारलेली चालते, हे नातेवाइकांनी त्यात भरायचं असतं. ते कोरंच होतं. आता नवीन पेशंट आला की मी लेकी-सुनांकडून ते भरून घेते आणि एक जादा ओळ लिहायला लावते: आईला काय म्हणायचे? काही जण विचित्र नजरेने बघतात, पण सांगतात सगळे.

तीन रात्रींनी मी पुन्हा ड्यूटीवर गेले तर आजोबा उशीला टेकून पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या रात्री मी तुला फार त्रास दिला का गं?"

मी म्हटलं, नाही, तुम्ही मला मॅम म्हणत होता.

ते कानापर्यंत लाल झाले. पेपरची घडी घातली, मला नीट आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "आमची मॅम तुझ्या दुप्पट होती."