क्लास ए अँप घेताना आधी वीज मोजा

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी नीट लागलेली असली की एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. अँप्लिफायर पारखायला यापेक्षा चांगला आवाज नाही. रात्री अकरा वाजता, घरचे झोपल्यावर, व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून ऐकताना स्पीकरला जेमतेम पाव वॅट जात असतो. क्लास ए जातीच्या अँपसाठी जादा मोजलेले पैसे त्या पाव वॅटात वसूल होतात, नाहीतर होत नाहीत.

नेहमीच्या क्लास एबी अँपमध्ये लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. शून्यापाशी काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बारीकसा सांधा राहतो. मोठ्या आवाजात तो बुडून जातो, हळू आवाजात डोकं वर काढतो. क्लास ए मध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर सतत चालू, त्यामुळे हा सांधाच नाही. अर्थात चांगल्या एबीमध्येही तो कानाला लागणार नाही इतका पुसलेला असतो, आणि भिकार क्लास ए पेक्षा चांगला एबी कधीही बरा.

आता हिशेब. ८ ओहमला २५ वॅट हवे तर स्पीकरमध्ये शिखराला अडीच अँपिअर जातात. पुश-पुल रचनेत त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वा अँपिअर बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) कायम वाहता ठेवावा लागतो. अधिक-उणे २४ व्होल्टवर, म्हणजे एकूण ४८ व्होल्टवर, हे झाले एका चॅनलला ६० वॅट, दोन्हीला १२०. ट्रान्सफॉर्मर आणि डायोडमधली तूट धरून भिंतीतून साधारण १५० वॅट, गाणं लावलेलं नसतानासुद्धा. म्हणून ‘५० वॅट प्युअर क्लास ए’ असं छापलेला डबा रिकामा चालू असताना ४० वॅटच खात असेल, तर ते छापणं खोटं आहे.

हे तपासायला यंत्र लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसकट, आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर युनिटला ३२०० पल्स लिहिलं असेल तर १५० वॅटला तो मिनिटाला आठ वेळा लुकलुकतो. मग आवाज वाढवा. खऱ्या क्लास ए मध्ये आकडा जवळपास हलत नाही, एबीमध्ये वाढतो. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला साडेतेरा युनिट. दिवसभर चालू ठेवायची हौस असेल तर मात्र १०८.

वापरलेला अँप घेत असाल तर मल्टिमीटर न्या. तासभर तापल्यावर एमिटर रेझिस्टरवरचा (आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या छोट्या रेझिस्टरवरचा) व्होल्टेज मोजा: ०.२२ ओहमवर २७५ मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा अँपिअर. थंड असताना लावलेला बायस तापल्यावर वर चढतो, म्हणून घाईने घेतलेल्या रीडिंगला अर्थ नाही. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. ब्रिटिश डिझायनर जॉन लिन्सली हूड यांच्या १९६९ च्या १० वॅटच्या सर्किटचे किट स्वस्तात मिळतात. सर्किट उत्तम आहे, पण स्वस्त किटमधले ट्रान्झिस्टर बनावट निघू शकतात आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) हमखास अपुरं असतं.

हीटसिंक हाच आपल्याकडचा कळीचा मुद्दा. २२ अंशांच्या खोलीसाठी बेतलेला अँप ३५ अंशांनी वर गेला तर ५७ वर थांबतो. सांगलीत एप्रिलच्या दुपारी खोलीच ४० ची असते. तोच अँप ७५ ला जातो. चॅनलला ६० वॅट असतील तर वॅटमागे ०.४ अंशापेक्षा जास्त न तापणारं सिंक बघा, म्हणजे वाढ २४ अंशांवर राहते. फिल्टरचे कपॅसिटर १०५ अंशांचेच हवेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

स्पीकर आधी ठरवा, अँप नंतर. १२ बाय १४ फुटांच्या खोलीत ८७ डेसिबलच्या (एका वॅटला एक मीटरवर इतका आवाज देणाऱ्या) स्पीकरला २५ वॅट पुरतात. ८३ डेसिबलचा असेल तर तेवढ्याच आवाजाला अडीचपट वॅट लागतात, मग क्लास ए चा नाद सोडा. ४ ओहमचा स्पीकर जोडला तर हाच २५ वॅटचा अँप साडेबारा वॅटनंतर एबीत उतरतो, हे विक्रेता सांगत नाही.

दुकानात गाणं न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वूफरला कान लावा. क्लास ए सतत पूर्ण करंट ओढतो, त्यामुळे फिल्टर कमी पडला की १०० हर्ट्झची घरघर कायम राहते. चॅनलमागे प्रत्येक रेलला (अधिक आणि उणे पुरवठ्याच्या वाटेला) २०,००० मायक्रोफॅरडवरसुद्धा अर्ध्या व्होल्टहून जास्त रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, उरतो, म्हणून मध्ये एक छोटा रेझिस्टर किंवा चोक (कॉइल) टाकलेला असला तर उत्तम. घरघर घालवायला अर्थिंगची पिन मात्र कापू नका. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी पडत असेल तर सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट हळूहळू वाढवणारी सोय) आहे का विचारा, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप चालवूच नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

शोकेसमध्ये कोंबू नका. वर एक फूट, बाजूंना अर्धा फूट मोकळं हवं. आणि पावसाळ्यात, थंडीत ऊब शोधत पाल आत शिरते, मग सर्किटच्या पाटीवर शॉर्ट. झाकणाच्या फटींना आतून मच्छरदाणीची अॅल्युमिनियम जाळी लावा, तिची एकही तार पाटीला टेकणार नाही अशी, आणि दर महिन्याला ब्रशने धूळ झाडा, कारण तुंबलेली जाळी म्हणजे बंद झाकणच.