राजीनाम्याचा मसुदा

राजीनामे बहुधा रविवारी रात्री लिहिले जातात. इंदूरच्या सराफ्यातली गरम जिलबी संपते, सकाळची पीथमपूरच्या कारखान्याची बस आठवते आणि मोबाइलवर ‘माननीय महोदय’ उमटतं. तिथंच थांबावं. नोकरी सोडावी का आणि कधी सोडावी, हे दोन प्रश्न आहेत आणि रागाच्या भरात ते एकच वाटतात.

पहिल्यासाठी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एकच शब्द लिहावा, आज डोकं कशानं फिरलं तो. बस, साहेब, पगार, काम. ‘बस’ जास्त वेळा आली तर शिफ्ट बदलून मागावी. ‘साहेब’ आला तर विभाग बदलून बघावा; साहेबांच्याही बदल्या होतात म्हणा. पण ‘काम’ हाच शब्द पंधरा चौकटींत दिसला, तर पगारवाढीचं मलम फार दिवस पुरत नाही.

‘कधी’चं उत्तर नेमणूकपत्रात आणि पगाराच्या स्लिपमध्ये असतं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांसाठी, सलग ५ वर्षं लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० असेल, तर त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं. वर्षाला साधारण १७,३०८, पाच वर्षांचे ८६,५३८ रुपये. साडेचार वर्षांवर तडकाफडकी निघालात, तर त्यावर बहुधा पाणीच. नोटिशीचे दिवस काम केलं तर ते सेवेत धरतात, म्हणून बरेच जण पाच वर्षांना नोटिशीचे ९० दिवस उरले की बरोबर राजीनामा देतात. फसतात ते इथंच. कंपनी महिन्यातच मोकळं करते आणि पाचवं वर्ष अपुरं राहतं. पाच पुरी होऊ द्यावीत, मगच कागद द्यावा.

पीएफ काढू नये, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) नव्या नोकरीत वळवावा. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना काढला तर कर लागतो. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात आईची शुगर, बाबांचं बीपी असेल तर स्वतंत्र पॉलिसी आधी हातात हवी. स्लिपा आणि फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा दाखला) ही आधीच उतरवून घ्यावेत, नंतर लॉगिन बंद होतं.

राहिलं पत्र. तारीख, शेवटचा दिवस, पोच मिळावी ही विनंती, बस्स. साहेबांची उणीदुणी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोह्यांबरोबर काढावीत, वर जीरावण मसाला भुरभुरून.