वाया गेलेला चीक

३० आठवड्यांचं, ११५० ग्रॅमचं बाळ रात्री १०८ने आलं तेव्हा सोबत फक्त बाप होता. आई सुरगाण्याच्या बाजूला, सिझर होऊन वॉर्डात पडलेली. नाशिकच्या ज्या नवजात कक्षात मी सिस्टर आहे, तिथे हे नेहमीचंच: लेकरू इकडे, बाळंतीण तिकडे. रेफरलच्या कागदावर श्वास, साखर, दिलेली इंजेक्शनं, सगळं होतं. दुधाबद्दल एक अक्षर नव्हतं.

आई आली चौथ्या दिवशी. टाके ओढत होते म्हणून वाकून चालत होती. छाती दगडासारखी गच्च, ब्लाउज भिजलेला. तिकडे कुणीतरी सांगितलं होतं, "बाळ जवळ नाही, तर दूध काढून कुणाला पाजणार?" सासूने चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध, फडक्यात पिळून टाकला होता. त्या आजींना मी बोल लावणार नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

अशा गच्च छातीला थेट पंप लावणं ही मोठी चूक. बोंडाभोवतीचा काळा भाग सुजलेला असतो, पंपाच्या ओढीने सूज तिथेच आणखी साचते आणि दूध आत अडकतं. आधी बोटांची टोकं बोंडाभोवती ठेवून बरगड्यांकडे दाबून धरायची, मिनिटभर, न हलवता. काळा भाग मऊ झाला की अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे. बरगड्यांकडे दाबा, बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, बोंड पिळायचं नाही. धार थांबली की बोटांची जागा बदलायची. वीस मिनिटांत दोन्हीकडून मिळून १२ मिली आलं. त्यानंतर थंड ओल्या कापडाच्या घड्या.

त्यातलं ०.१ मिली बाळाच्या एका गालात, ०.१ दुसऱ्या गालात, बिनसुईच्या सिरिंजने. मग डॉक्टरांनी सांगितलेले २ मिली पोटात जाणाऱ्या नळीतून. दट्ट्या काढून सिरिंज उभी धरायची, दूध आपसूक उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. ठेवलेल्या दुधावर साय येते आणि ती सिरिंजला चिकटून राहते. बाळाच्या वाट्याची ताकद तिथेच वाया जाते. म्हणून देण्याआधी वाटी हलकेच फिरवून घ्यायची.

दिवसातून आठ वेळा तरी दूध काढायचं, त्यातलं एकदा रात्री एक ते पाचच्या दरम्यान, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त असतं. हे मी प्रत्येक आईला सांगते, आणि रात्री तीनला तिला दारावरचा माणूस परत पाठवतो. भेटीची वेळ नाही म्हणे! आई म्हणजे भेटायला आलेली पाहुणी नव्हे. पंपाचं तसंच. कप एकाच मापाचे, २४ मिलिमीटरचे. लहान बोंड असलेल्या बाईचा काळा भागही आत ओढला जातो, कातडी सोलते, दूध कमी येतं. आणि आपण म्हणतो, हिला दूधच नाही.

चौदाव्या दिवशी तिचं दिवसाचं दूध २८० मिली होतं. बाळाची गरज तेव्हा दोनशेच्या आतच, त्यामुळे घरचे खूश. मी नव्हते. या टप्प्यावर ५०० मिलीच्या पुढे जायला हवं, कारण बाळ वाढेल तशी भूक वाढते आणि पहिल्या दोन आठवड्यांत न वाढलेलं दूध पुढे वाढवणं फार कष्टाचं. सुरुवात पहिल्या सहा तासांत, जमलं तर पहिल्या तासातच व्हायला हवी होती. कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरून बसायला लागल्यावर तिचं दूध थोडं वाढलं, एवढं खरं.

डोक्यातून जात नाही तो बाप. त्या तीन दिवसांत तो दोनदा गावी जाऊन आला होता: एकदा आधार कार्डासाठी, एकदा रेशन कार्डासाठी. आम्हीच पाठवला होता. एसटीने तीनेक तास. ताजं दूध साध्या हवेतही चार तास टिकतं. दोन सिरिंज चीक खिशात घालून आणता आला असता. बाळाच्या आतड्याला जपणारं त्याच्याइतकं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं, कारण दात्या आईचं दूध आमच्या कक्षात मिळत नाही.

नंतर एकदा आईला बोंडल्याने दूध पाजायला शिकवत होते. तो मागे उभा होता. म्हणाला, "सिस्टर, तवा आणलं असतं तर चाललं असतं का?"

चाललं असतं, असं मी त्याला सांगितलं.

आता बाळासोबत एकटा आलेला माणूस कागदपत्रांसाठी परत निघाला की त्याच्या हातात एक पिशवी देते: १ मिलीच्या चार सिरिंज, टोपणं, नाव आणि वेळ लिहायला चिकटपट्टी, एक आइस पॅक. आणि तिकडच्या सिस्टरला फोन लावून देते.