तणनाशकाच्या पाण्यात करंट सोडला की नेमकं काय होतं

गावाकडच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरतोय. तणनाशक मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत दोन स्टीलचे रॉड, बॅटरी, मूठभर मीठ, थोड्या वेळात पाणी तपकिरी, वर फेस आणि खाली लिहिलंय "बघा किती विष निघालं". अहो ते विष नाही, तो रॉडच विरघळतोय! स्टेनलेस असेल तर लोखंडासोबत क्रोमियमपण पाण्यात उतरतं, मिठामुळे क्लोरीन सुटतो तो वेगळाच, आणि विरघळलेलं टू फोर डी हे तणनाशक बऱ्यापैकी जागच्या जागी.

पण विजेने तणनाशक मोडता येतं हे मात्र खरंय, फक्त सगळा खेळ बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीचा, म्हणजे अ‍ॅनोडचा आहे. सिलिकॉन किंवा नायोबियमच्या पत्र्यावर बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर देतात (अंगठीतला नव्हे, कारखान्यात वायूपासून बनवलेला), त्यावर पाणी फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (पाण्याच्या रेणूचे अतिशय आक्रमक तुकडे) तयार होतात आणि त्यांची ताकद 2.8 व्होल्ट, क्लोरीनच्या साधारण दुप्पट. समोर येईल तो जवळपास कुठलाही रेणू फोडतात. दुसरी पद्धत इलेक्ट्रो-फेंटन. फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्येच लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी दाखवली होती, तिच्यातूनही तेच रॅडिकल निघतात, इथे फरक एवढाच की पेरॉक्साइड कार्बनच्या कॅथोडवर (ऋण टोकाच्या पट्टीवर) हवेतल्या ऑक्सिजनपासून जागेवरच बनतं आणि वापरलेलं लोखंडही तिथेच परत कामाला लागतं. पीएच मात्र 3 च्या आसपास ठेवावा लागतो, म्हणजे आधी आम्ल घाला, नंतर परत अल्कली घाला, ही कटकट आहेच. बार्सिलोनाच्या संशोधकांनी याला सूर्यप्रकाशाची जोड दिलीय, शेवटी उरणारी लोखंड-ऑक्झॅलिक आम्लाची चिवट जोडी उन्हात तुटते. ऊन आपल्याकडे काय कमी आहे का.

आता हिशोब, कारण कुणी तो सांगत नाही. टू फोर डीचा एक रेणू पूर्ण कार्बन डायऑक्साइडपर्यंत न्यायला 30 इलेक्ट्रॉन काढावे लागतात, म्हणजे 1 ग्रॅमला साधारण 3.6 अँपिअर-तास, 5 व्होल्टला 18 वॉट-तास. वाटतं स्वस्त, पण हे एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर. पाण्यात तणनाशक दाट असेल तेव्हा हे गणित जरा तरी जमतं. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अगदी कणभर, दुसरं एक तणनाशक अ‍ॅट्राझिन असतं, तिथे रेणू इलेक्ट्रोडपर्यंत पोचेपर्यंत बाकीचा करंट नुसता ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जातो. म्हणून माझं स्पष्ट मत, ही पद्धत तणनाशक बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी लावायची, नदी-विहिरीला नाही. एकदा पातळ होऊन पसरलं की पैसा ओतत बसा.

अजून एक. "तणनाशक शून्य" असा रिपोर्ट हातात आला तरी टीओसी (पाण्यात एकूण किती सेंद्रिय कार्बन उरलाय तो आकडा) विचाराच. टू फोर डी फुटताना मध्येच डायक्लोरोफिनॉल तयार होतं, ते मूळ मालापेक्षा बरं अजिबात नाही. अ‍ॅट्राझिनचं तर अजून अवघड, बाजूच्या साखळ्या पटकन तुटतात पण मधलं ट्रायझिनचं कडं सायन्युरिक आम्ल होऊन बसतं, फेंटनचे रॅडिकलसुद्धा त्याला हात लावू शकत नाहीत, हिऱ्याचा अ‍ॅनोडच हळूहळू फोडतो. आणि पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर तोच हिरा क्लोरेट, परक्लोरेट असे घातक क्षार बनवून ठेवतो, मग ते काढायला वेगळं काहीतरी शोधा.

शेतावरच्या पंपाचं म्हणाल तर त्यासाठी हिरा-बिरा काही नको. टू फोर डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला की पानं कशी आकसतात ते बहुतेकांनी बघितलंय, तेव्हा पंप तीनदा खंगाळायचा आणि ते पाणी ओढ्यात न ओतता ज्या उसात फवारलं त्याच उसात मारून टाकायचं. शक्यतो तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्याला लाल रंग फासा म्हणजे घरचं दुसरं कुणी चुकून उचलणार नाही.