कोळंबी जिवंत होती

सकाळी एका मत्स्यालयाच्या मालकाचा फोन आला तोच, ‘पाण्यात विष गेलंय, सगळं पाणी उपसून टाकतो.’ खाऱ्या पाण्याच्या टाकीत रात्रीतून तीन मासे गेले होते. म्हटलं, मी येईपर्यंत पाण्याला हात लावू नका.

अशा टाकीसमोर उभं राहिलं की मेलेल्यांआधी मी जिवंत काय आहे ते बघतो. कोळंबी दगडावर निवांत फिरत होती, प्रवाळ पूर्ण फुललेले होते. पाण्यात तांबं किंवा कीटकनाशक उतरलं असतं, तर सगळ्यात आधी कोळंबी गेली असती. तरी चाचण्या केल्याच. अमोनिया शून्य, पीएच ८.१, तापमान २६ अंश. पाण्यात खोट नव्हती.

मासे मात्र बेजार होते. दोन क्लाउनफिश पंपाच्या धारेत तोंड घालून उभे, कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करत होते. दिवा बंद करून टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकला, तेव्हा अंगावर पिठासारखी बारीक, सोनेरी झाक असलेली धूळ दिसली. त्याच वेळी टाकीतल्या टँग जातीच्या माशाने जीव सोडला. वाईट वाटलं, पण तपासायला ताजाच मासा हवा. मेल्यावर परजीवी अंगावरून सुटून जातात.

कल्ल्याचा छोटा तुकडा कापून टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली धरला. कल्ल्यांच्या पापुद्र्यांना तपकिरी, लांबट गोल पिशव्या लगडलेल्या, एकही हलत नव्हती. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी असता तर गरगरताना दिसला असता. आयोडीनचा थेंब सोडला, तशा पिशव्या काळपट झाल्या. त्यांच्यात स्टार्च असतो. हा वेल्व्हेट रोग, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम नावाचा परजीवी. तो कल्ल्यांवर आधी बसतो, म्हणून अंगावर काही दिसायच्या आत मासे गुदमरतात.

विचारल्यावर कळलं, आठवड्यापूर्वी नवा मासा क्वारंटाइन न करता थेट टाकीत सोडला होता. पाणी बदलून काही साधलं नसतं. माशावरून गळलेला एक परजीवी तळाशी चिकटतो आणि त्यातून २५६ पर्यंत पिल्लं सुटतात.

दोन्ही क्लाउनफिश वेगळ्या टाकीत हलवले. तिथे तांब्याचं औषध, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज मोजून. मोठ्या टाकीत ते घालणं म्हणजे कोळंबी आणि प्रवाळ मारणं. ती टाकी सहा आठवडे माशांविना ठेवली. एक क्लाउनफिश वाचला.