काजळी

मेणबत्ती घेताना माणूस कुठल्याही धर्माचा असो, जरा घुटमळतोच. पेटीत नाणं टाकलं, खोक्यातून एक उचलली, आता पेटवायची कशी, काडेपेटी तर कुठे दिसत नाही. मग शेजारी कुणाचीतरी जळत असते तिच्यावरच आपली तिरकी धरायची, वात पटकन पेट घेत नाही, आपल्या मेणाचे दोन थेंब त्या परक्या मेणबत्तीवर पडतात, आपण उगाच इकडेतिकडे बघतो आणि मग एकदाची पेटते. म्हणजे कुणाच्यातरी नवसावर आपला नवस पेटवून घ्यायचा. तो कुणाचा, कशासाठीचा, कन्फर्म झालेला की अजून वेटिंगवर, काही पत्ता नाही. मला हे फार आवडतं.

स्वित्झर्लंडमध्ये हे करायला मी आइन्सिडेल्नला जाते. झुरिकहून ट्रेनने तासाभराच्या आत, वेडन्सविलला गाडी बदलायची आणि मग ती गाडी तळं खाली सोडून डोंगर चढायला लागते. बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, स्थापना ९३४ सालची. त्याच्याही आधी तिथल्या घनदाट जंगलात माइनराड नावाचा साधू एकटाच राहायचा, त्याला ८६१ साली दोन चोरांनी मारलं, आणि कथा अशी की त्याच्या दोन डोमकावळ्यांनी त्या चोरांचा पार झुरिकपर्यंत पाठलाग करून त्यांना पकडून दिलं. मठाच्या निशाणावर आजही ते दोघे आहेत. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवायला लागतो, इथे तो थेट तपासाला लागला.

चर्च बाहेरून मोठं पण तसं गंभीर, आणि आत शिरलं की एकदम सोनेरी, गुलाबी, पांढरं, जिथे जागा मिळेल तिथे प्लास्टरचे गुबगुबीत देवदूत लटकलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे जरा जास्तच वाटतं (मला अजूनही वाटतं). आणि या सगळ्या लखलखाटात, दारातून आत आल्या आल्याच, काळ्या संगमरवराचं एक छोटंसं चॅपल, माइनराडची झोपडी जिथे होती असं मानतात तिथेच. त्यात मारिया, म्हणजे येशूची आई मेरी. कडेवर बाळ, अंगावर जरीचा भरगच्च झगा, तो सणावाराप्रमाणे बदलतात, आणि चेहरा, हात, बाळ, सगळं काळंभोर.

ही मूर्ती पंधराव्या शतकातली, लाकडी, आणि मुळात काळी नव्हतीच! शेकडो वर्षं त्या बारक्या चॅपलमध्ये रात्रंदिवस दिवे आणि मेणबत्त्या जळत राहिल्या आणि त्या धुराने ती काळी पडली. म्हणजे कुणाचं बाळंतपण, कुणाची गाय, कुणाचा लढाईवर गेलेला मुलगा, या सगळ्यांची काजळी तिच्या तोंडावर बसली.

पुढची गोष्ट तर भारीच. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा घुसल्या, त्यांनी जुनं चॅपल पाडलं, पण मूर्ती साधूंनी आधीच पळवली होती, ती फिरत फिरत ऑस्ट्रियात ब्लुडेन्झला पोचली. तिथे योहान आडाम फ्युचर नावाच्या कारागिराकडे ती दुरुस्तीला दिली. त्याने इमानेइतबारे साफ केली तर खालून चांगला गव्हाळ गुलाबी चेहरा निघाला. कुणीही म्हणेल, वा! पण नाही. लोकांना ही बाई ओळखूच येईना. आमची मारिया काळी आहे, ही कोण? शेवटी १७९९ मध्ये त्याच माणसाला तिला काळा रंग द्यावा लागला. म्हणजे आता जो काळा रंग दिसतो तो धुराचा नाही, मुद्दाम लावलेला आहे. आजच्या रिस्टोरेशनवाल्यांना हे सांगितलं तर ते डोक्याला हात लावतील. पण मला विचाराल तर लोकांचंच बरोबर होतं. ज्या चेहऱ्यापुढे आजीने, पणजीने रडून घेतलं तोच चेहरा खरा, खालचा ओरिजिनल रंग घेऊन काय करायचंय?

गंमत म्हणजे झ्विंगली, ज्याने पुढे झुरिकमध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणा घडवली, तो १५१६ ते १५१८ याच आइन्सिडेल्नला पाद्री होता. म्हणजे यात्रेकरूंची ही गर्दी त्याने अगदी जवळून बघितली, आणि १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून चित्रं, मूर्ती सगळं बाहेर काढलं गेलं. आजही झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर या चर्चमध्ये शिरलात तर भिंती कशा नुसत्या राखाडी दगडाच्या, काचा सुंदर आहेत पण काजळी धरावी असं फारसं काही नाही. त्याचा मुद्दा मला पटतो, देवाला लाच कशाला द्यायची वगैरे. पण पटलं तरी मी जाते ती वरच्याच गाडीने.

आणि मी एकटी नाही. श्रीलंकेतल्या युद्धामुळे या देशात आलेले तमिळ लोक आइन्सिडेल्नला येतात आणि बाझलजवळच्या मारियाश्टाइनलाही जातात, त्यात हिंदूसुद्धा असतात. मारियाश्टाइन म्हणजे कड्याच्या पोटातली गुहा, कथा अशी की वरून पडलेलं पोर मारियाने अलगद झेललं. खाली उतरायच्या वाटेवर भिंतीला आभाराच्या पाट्याच पाट्या, मारियाने मदत केली, धन्यवाद, पुढे साल. काय मदत केली ते बहुतेक पाट्यांवर लिहिलेलं नसतं, मला ते वाचायला फार आवडलं असतं खरं तर.

बाकी आइन्सिडेल्नच्या चौकात एक कारंजं आहे, चौदा तोट्यांचं, भाविक प्रत्येक तोटीचं पाणी पितात कारण येशू त्यातल्या एका तोटीला प्यायला म्हणे, पण नेमक्या कुठल्या ते कुणाला माहीत नाही. पाणी बर्फासारखं गार. दात शिवशिवायला लागले की श्रद्धेची परीक्षा होते.

आणि मग खाऊ. आल्प्सच्या या पट्ट्यात तीर्थक्षेत्र म्हटलं की मसाल्याचा मधाचा केक हवाच, आणि त्याला कारण आहे. शेजारच्या ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात केकवाला आणि मेणबत्तीवाला हा एकच धंदा असायचा. पोळं एकच ना, मध गेला केकात आणि मेण गेलं देवापुढे, नवसाला वाहायचे मेणाचे हातपाय, बाळंसुद्धा तोच माणूस साच्यातून काढायचा. बांद्र्याच्या माउंट मेरीबाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात ती पाहिली असतील तर हे लगेच कळेल. फक्त तिथे मधाचा विभाग कुणी उघडला नाही, नाहीतर चाललं असतं मस्त.

आइन्सिडेल्नचा मधाचा केक मेंढ्याच्या आकाराचा असतो, शाफबॉक म्हणतात. ताजा असताना ठीक आहे, शिळा झाला की दगड, आणि तरी सगळे नातेवाइकांसाठी पिशव्या भरून नेतात. तुम्हाला कुणी आणून दिलाच तर नुसता चावायला जाऊ नका, चहात बुडवा.